यमपटापासून चित्रपटापर्यंत
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे लेखी रूप)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी नरकाविषयी बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाला आपण सभागृहाबाहेर काढले नाही, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. चिटणीसांनी मला ‘मराठी माणूस आणि चित्रपट’ असा विषय दिला होता. तो इतका विस्तीर्ण की त्यावर बोलणारा मध्यरात्रीपर्यंत बोलेल आणि ऐकणारे नऊ वाजताच उठतील. म्हणून मी त्यांना विनंती केली की या विषयाचा एकच कोपरा मला द्या. त्यांनी उदार मनाने ‘कोणताही घ्या’ म्हटले. मी सर्वांत काळोखा कोपरा घेतला.

याला कारण माझी नात. २०२४ च्या सप्टेंबरात ‘तुंबाड’ हा चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा ती मला आग्रहाने घेऊन गेली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला भयपटाला नेणे हा हल्लीच्या मुलांच्या प्रेमाचा एक प्रकार असावा. मी गेलो, भ्यालो, आणि घरी आल्यावर मला रात्रभर झोप लागली नाही. ती का लागली नाही, याचा शोध म्हणजे आजचे हे भाषण.

मी जन्मभर शाळेत संस्कृत शिकवले, त्यामुळे कोणतीही नवी गोष्ट पाहिली की तिचे जुने गोत्र शोधण्याची मला खोड आहे. भयपटाचे गोत्र मला बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त सापडले. सातव्या शतकातली गोष्ट. वडील अत्यवस्थ असल्याची वार्ता कळताच राजपुत्र हर्ष दूरच्या मुलखातून घोडा फेकीत राजधानीकडे निघतो. तहानभूक विसरून तो नगरात शिरतो, तो बाजाराच्या रस्त्यावर त्याला काय दिसावे? पोरांच्या गराड्यात एक यमपट्टिक उभा आहे. डाव्या हाताने त्याने चित्र काढलेले कापड उंच धरले आहे. त्यावर भीषण रेड्यावर आरूढ झालेला यमराज आहे, आणि उजव्या हातातल्या बोरूने दाखवीत दाखवीत तो परलोकातला सारा व्यवहार समजावून सांगतो आहे. चित्र आणि पट! आपण ज्याला चित्रपट म्हणतो त्याचे दोन्ही अवयव त्या बाजारात हजर आहेत. निवेदक आहे, आणि पुढच्या रांगेतली पोरेही आहेत.

हे यमपट घेऊन फिरणारे लोक त्या काळी इतके सर्रास असत की कोणाच्याही घरात त्यांना मज्जाव नसे. म्हणूनच ‘मुद्राराक्षसा’त चाणक्याचा हेर यमपट काखोटीला मारून हिंडतो आणि राक्षसाच्या मुद्रेची अंगठी हस्तगत करून येतो. बंगालच्या पटुआ चित्रकारांच्या गुंडाळीपटांत शेवटी यमाचा दरबार दाखवण्याची रीत तर पुढेही टिकून राहिली.

पण बाणाच्या त्या प्रसंगात मला खिळवून ठेवते ती गोष्ट वेगळीच आहे. तो पट पोरे पाहत होती आणि हर्षही पाहत होता. पोरांना मौज वाटत होती. हर्षाच्या काळजाचा मात्र ठोका चुकला असेल, कारण त्याच्या घरी त्याचा बाप मरणपंथाला लागला होता. रेडा तोच, पट तोच; पण एकाला खेळ, दुसऱ्याला घाला. नरकाच्या चित्राने माणूस केव्हा भितो? आपले माणूस त्यात आहे अशी शंका येते तेव्हा. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे.

आता या म्हणण्याच्या कसोटीवर काही चित्रपट घासून पाहू. १९११ साली इटलीत दान्तेच्या महाकाव्यावर ‘लिन्फर्नो’ नावाचा मूकपट निघाला. इटलीतल्या पहिल्या दीर्घ चित्रपटांत त्याची गणना होते. गुस्ताव्ह डोरे या फ्रेंच चित्रकाराने दान्तेच्या नरकाची जी चित्रे काढली होती ती समोर ठेवून दिग्दर्शकांनी एकेक दृश्य बांधले. वाऱ्यावर भिरभिरणारे आत्मे, ज्वालांचा पाऊस, बर्फात गाडलेले देशद्रोही. तो आजही पाहायला मिळतो, आणि खरे सांगायचे तर त्या ज्वालांनी आज कोणी भीत नाही. पण उगोलीनो नावाच्या सरदाराला मुलांसह मनोऱ्यात कोंडून उपाशी मारल्याचे दृश्य येते आणि आपण खुर्चीत सावरून बसतो. शंभर वर्षांत ज्वाला विझल्या, उपाशी मुले तेवढी शिल्लक राहिली.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१३ साली, आपल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. फाळके युक्तिछायाचित्रणाचे जादूगार होते. त्यांनी लंका जाळली, कालियाचे मर्दन करवले. मनात आणते तर नरक उभा करणे त्यांना कठीण नव्हते. पण त्यांचा पहिला नायक स्मशानात उभा राहतो तो डोंबाचा चाकर म्हणून, आणि समोर येते ती स्वतःची बायको. म्हणजे इथेही भीतीचे मूळ भुताखेतांत नसून आप्तांत आहे.

जपानचा ‘जिगोकु’ (१९६०) हा नोबुओ नाकागावा यांचा चित्रपट आपल्याला जवळचा वाटावा असा आहे. जिगोकु म्हणजे नरक. बौद्ध धर्माबरोबर आपला यमराज चीनमार्गे जपानात गेला आणि तिथे ‘एन्मा’ झाला. नोकरीसाठी परमुलखात जाऊन नाव बदलून घेणारे आपणच पहिले नव्हेत! या चित्रपटाचा नायक एक विद्यार्थी आहे. त्याचा सोबती मोटारीखाली एका माणसाला चिरडतो आणि दोघे न थांबता पळून जातात. शेवटच्या भागात सगळी पात्रे मरून नरकात येतात आणि मग कढया, करवती, रक्ताचे डोह असे सर्व साहित्य रंगीत स्वरूपात पुढे येते. ते पाहताना शिसारी येते. पण त्या घोर नदीवर कमळाच्या पानावर एक तान्ही पोर वाहत जाताना दिसते. ती नायकाची, जन्मालाच न आलेली मुलगी. तिच्यामागे तो वेड्यासारखा धावतो. आपण घाबरतो ते तिथे.

पाश्चात्त्यांच्या पुढच्या भयपटांविषयी मी फार बोलणार नाही. ‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) आणि त्याच्या मागोमाग आलेल्या चित्रपटांत नरकातला सैतानच वर येऊन घरात शिरतो. आपल्याकडे सैतान नाही. यम हा धर्मराज आहे, न्यायाधीश आहे; चित्रगुप्त त्याचा कारकून. आणि आपला नरक कायमचा नाही. ती ठरावीक मुदतीची शिक्षा आहे. भोग संपला की सुटका आणि पुन्हा जन्म. त्यामुळेच असेल, पण आपल्याकडच्या काही भाषांनी यमलोकाची चक्क थट्टा केली. १९५८ चा बंगाली ‘यमालये जीवंत मानुष’ घ्या. जिवंत माणूस यमाच्या दारी जाऊन तिथे बंड माजवतो. १९७७ साली एन. टी. रामाराव यांचा तेलुगू ‘यमगोला’ आला आणि १९७९ साली त्याचाच हिंदी ‘लोक परलोक’. आपल्या भिलाईत शेजारी तेलुगू आणि समोर बंगाली अशी वस्ती असल्यामुळे यमराजाच्या फजितीच्या या कथा मी चित्रपट पाहण्याआधी अंगणातच ऐकल्या होत्या. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे भाग्य कोठून लाभणार!

मग मराठी चित्रपटाने काय केले? मी पाहिलेल्या मराठी चित्रपटांपुरते बोलायचे तर त्याने वैकुंठ दाखवले, नरक दाखवला नाही. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) आठवा. दामले-फत्तेलालांनी तुकोबांना विमानात बसवून आकाशात नेले. विष्णुपंत पागनीसांचा तो चेहरा कोण विसरेल? मात्र माझी नजर नेहमी खाली राहिलेल्या जिजाईवर जाते. गौरीबाईंनी ती भूमिका अशी केली आहे की वर जाणाऱ्याबद्दल आनंद मानावा की मागे राहिलेलीबद्दल दुःख, हे कळेनासे होते. घर सोडून गेलेल्या प्रत्येकाने ते दृश्य एकदा पुन्हा पाहावे.

नरक मराठीत आला तो पाताळातून नव्हे, माजघरातून. नारायण धारपांच्या कादंबऱ्या आमच्या पिढीने पाठ्यपुस्तकात लपवून वाचल्या. त्यांची भीती जुन्या वाड्यात आणि नात्यागोत्यांत वसत असे. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’त (२०१७) नरक म्हणजे उसाचे शेत आहे. गर्भार बाई त्या उसात वाट चुकते आणि तिच्याभोवती ज्या सावल्या फिरतात, त्यांचे मूळ जन्मू न दिलेल्या मुलींच्या पापात आहे. चित्रपट काही ठिकाणी बटबटीत झाला आहे, हे मान्य करूनही मी म्हणेन की मराठी पडद्यावर इतका खरा नरक क्वचितच आला असेल. त्या उसातल्या विहिरीपासून आपली गावे फार दूर नाहीत.

आणि ‘तुंबाड’. चित्रपट हिंदी, पण त्याचा प्राण कोकणातला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’चे नाटककार अनिल बर्वे यांचे चिरंजीव. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण देणारे. आणि कल्पनेचे बीज धारपांच्या एका गोष्टीत. ती गोष्ट बर्व्यांना एका मित्राने नागझिऱ्याच्या जंगलात सांगितली, असे त्यांनीच सांगितले आहे. नागझिरा म्हणजे आपल्या गोंदियाजवळ. आपण नागपूरला जाताना गाडी जिथून जाते तो मुलूख. चित्रीकरण कैक पावसाळे चालले होते. २०१८ च्या ऑक्टोबरात तो प्रथम आला तेव्हा त्याची फारशी कमाई झाली नाही. सहा वर्षांनी पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त गर्दी झाली.

कथा थोडक्यात अशी. समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर. त्याने देवीचे सोने घेतले आणि धान्यही घेऊ लागला, तेव्हा इतर देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला आपल्या गर्भात लपवून वाचवले. अट अशी की त्याची पूजा कोणी करायची नाही. तुंबाडच्या वाड्यातल्या विहिरीतून त्या गर्भात उतरता येते. भिंती मांसाच्या, उजेड तांबडा. विनायक नावाचा माणूस पिठाची बाहुली घेऊन उतरतो. भुकेला हस्तर पिठावर झडप घालतो, तेवढ्यात विनायक त्याच्या कमरेच्या वस्त्रातल्या मोहरा पळवतो. असे वर्षानुवर्षे चालते. मग तो आपल्या कोवळ्या मुलालाही ती विद्या शिकवतो.

भागवताच्या पाचव्या स्कंधात अठ्ठावीस नरकांची यादी आहे. त्यांतला शेवटचा सूचीमुख. श्रीमंतीच्या ताठ्यात सर्वांचा संशय घेणारा, धनाच्या चिंतेने काळीज वाळलेला, पिशाच्चासारखा पैसा राखीत बसणारा जो कोणी, त्याला यमदूत शिंप्यासारखे सुईदोऱ्याने सर्वांगभर शिवून काढतात. हा विनायक तोच माणूस आहे. पण भागवतकारांनी जे सांगितले नाही ते चित्रपटाने दाखवले. या नरकाचा वारसा बाप मुलाला देतो, आणि प्रेमाने देतो. शेवटी विनायकाचे रूप पालटलेले असते, हातात मोहरांचे ते वस्त्र असते आणि तो ते मुलापुढे धरतो. मुलगा ते घेत नाही. तो बापाला पेटवून देतो. काळोखात माझ्या नातीने माझा हात धरला होता. ती भ्यायली होती की तिला माझी काळजी वाटली, हे मी विचारले नाही.

झोप लागली नाही ती इथे. त्या रात्री मला पडद्यावरचा वाडा दिसत नव्हता. आमच्या गावाकडच्या घराची ओसरी दिसत होती.

माझे वडील १९५८ साली वर्धा जिल्ह्यातून इथे आले. तेव्हा पहिली झोतभट्टी उभी राहत होती. पुढच्या वर्षी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. विधवा आई आणि धाकटा भाऊ गावी राहिले. आजीला इथे आणण्याचे दोनदा ठरले. पण ती तुळशीवृंदावन सोडून यायला तयार नव्हती. १९६६ च्या पावसाळ्यात तार आली. रात्रीच्या गाडीने आम्ही निघालो, पुलगावला उतरलो, पुढे बैलगाडी केली. नाल्याला पूर आला होता. घरी पोचलो तेव्हा सगळे आटोपले होते. हर्षाला निदान बापाचे डोळे उघडे असताना पोचता आले; माझ्या बाबांना तेही लाभले नाही.

संध्याकाळी ओसरीवर गरुडपुराण लागले. मी बारा वर्षांचा होतो. यमलोकाची वाट शहाऐंशी हजार योजनांची, वाटेत सोळा पुरे, मग पू-रक्ताने भरलेली वैतरणी. आईबापांचा अवमान करणारे त्या नदीत पडतात, हा भाग आला तेव्हा काकांनी मान वर करून बाबांकडे पाहिले. एकदाच. बाबांनी मान खाली घातली. बाकीच्यांच्या ते लक्षातही आले नसेल. माझ्या मनात मात्र त्या क्षणी निकाल लागला की माझे बाबा त्या नदीत पडणार. पुढे कित्येक वर्षे मी हे कोणाला सांगितले नाही, बाबांना तर नाहीच. गाडी नदीच्या पुलावरून जाऊ लागली की मी डोळे मिटून घेई.

परत आल्यावर एकदा रात्री आकाश तांबडे झाले. वितळलेली धातुमळी ओतली जात होती. मी बाबांना विचारले, “नरक असाच असतो का हो?” ते कामावर जायला निघाले होते. सायकलची साखळी बसवता बसवता म्हणाले, “अरे, नरक असता तर पाळी संपल्यावर घरी सोडलं असतं का?” आणि हसले. मी हसलो नाही. चौदाशे-पंधराशे अंश उष्णतेच्या लोखंडाजवळ रोज उभे राहणाऱ्या माणसाला त्या आगीचे काही वाटत नव्हते, आणि भावाच्या एका नजरेने त्याची मान खाली गेली होती. हा हिशेब कळायला मला फार वर्षे लागली.

बाबा १९९४ साली इथेच वारले. शिवनाथच्या काठी संस्कार झाले. गावाहून काका आले. दिवसांत काय वाचायचे हा प्रश्न निघाला, तेव्हा आई एवढेच म्हणाली, “ते पुराण या घरात नको.” म्हणजे १९६६ सालची ती नजर तिनेही पाहिली होती! अठ्ठावीस वर्षे आम्ही दोघे एकाच घरात ती गोष्ट वेगवेगळी सांभाळत होतो.

मग मी महाभारतातले स्वर्गारोहणपर्व काढले. युधिष्ठिर स्वर्गात जातो तो तिथे दुर्योधन आसनावर बसलेला, आणि आपले भाऊ कोठेच नाहीत. तो म्हणतो, मला त्यांच्याकडे न्या. देवदूत त्याला काळोख्या, दुर्गंधीच्या वाटेने नेतो. प्रेते, माश्यांचे थवे, तापलेली नदी, तलवारीच्या पानांचे रान. युधिष्ठिराला सहन होत नाही. तो मागे फिरतो. तेवढ्यात काळोखातून आवाज येतात की राजा, जरा थांब, तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आम्हाला बरे वाटते. तो विचारतो, कोण आहात तुम्ही? आणि एकेक नाव येते. कर्ण, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव, द्रौपदी. युधिष्ठिर दूताला सांगतो, तू परत जा. मी इथेच राहणार. द्रोणाला सांगितलेल्या एका अर्धसत्यापायी त्याला ते पाहावे लागले होते आणि ते सारे क्षणभराचे होते, हे पुढे कळते. पण थांबण्याचे ठरवताना त्याला ते ठाऊक नव्हते.

वाचताना मी नावांपाशी अडखळलो. पोथी खाली ठेवावी लागली. काका भिंतीला टेकून बसले होते. ते उठले, आत जाऊन आपली पिशवी घेऊन आले आणि सुतळीने बांधलेला एक गठ्ठा त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवला. बाबांनी आजीला दर महिन्याला पाठवलेल्या मनिऑर्डरींची ती कुपने होती. भिलाईला आल्यापासून आजी गेली त्या महिन्यापर्यंतची. प्रत्येकावर बाबांच्या अक्षरात दोन-दोन ओळी. आजीला वाचता येत नसे. “मीच वाचून दाखवायचो,” काका म्हणाले. “एकही फेकू दिलं नाही तिनं.”

आम्ही त्या रात्री पुढचा अध्याय वाचला नाही. काका एकेक कुपन उचलून मोठ्याने वाचत होते, आणि आई दिवा सरसा करून त्यांच्याजवळ येऊन बसली होती.